भिंतीला पहार लावायच्या आधी वही काढा



गेल्या दोन महिन्यांत मी बारा गटांच्या बैठकांना गेले. त्यातल्या पाच बैठकांत घराच्या दुरुस्तीसाठी कर्जाची मागणी आली. कुणाला माळवद काढून पत्रा टाकायचाय, कुणाला मधली भिंत काढून स्वयंपाकघर मोठं करायचंय, कुणाला मोरीच्या जागी बाथरूम करायचंय. सगळ्या मागण्या रास्तच आहेत. अर्जात पत्रे किती, सिमेंटची पोती किती, मिस्त्रीची मजुरी किती, हे नीट लिहिलेलं होतं. पण पाचही अर्जांत एक गोष्ट कुठंच नव्हती. आहे ते पाडायला किती खर्च येईल?

विचारलं तर उत्तर एकच. "त्याला काय लागतंय? दोन गडी लावले की दोन दिवसांत मोकळं."

असंच आमच्या घरातही म्हणाले होते. म्हणून आज पाडकामाबद्दल लिहितेय.

आमच्या घरी काय झालं

आमचं घर जुनं, दगड-मातीचं, वर माळवद. तीन वर्षांपूर्वी मधल्या खोलीचं माळवद काढून पत्रा टाकायचा आणि आतली एक भिंत काढून टाकायची असं ठरलं. आईनं गटातून ५०,००० रुपये कर्ज घेतलं, घरातले १५,००० होते. एकूण ६५,०००. त्यातले ६०,००० पत्रा, लोखंडी अँगल, बांधकाम आणि फरशीला, आणि ५,००० पाडायला. हा पाच हजारांचा आकडा कुणी काढला? कुणीच नाही. चहा पिता पिता कुणीतरी बोललं आणि तोच धरला.

मे महिन्यात काम सुरू झालं. माळवदाची माती निघायला लागली ती निघतच राहिली. टाकायची कुठं हे ठरलं नव्हतं, म्हणून गड्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला लावून ढीग केला. तिसऱ्या दिवशी ढीग छातीएवढा झाला. त्या रात्री दोनच्या सुमारास ती भिंत आतल्या बाजूला बसली. आजी रोज त्याच भिंतीकडेला झोपायची. उकाडा म्हणून त्या रात्री अंगणात झोपली होती, एवढंच.

पाडकाम, माती वाहून नेणं आणि पडलेली भिंत काढणं यातच २१,००० गेले. म्हणजे १६,००० कमी पडले. अँगल आले, पत्रे आले नाहीत. तेवढ्यात पाऊस लागला. आईनं चार महिने प्लॅस्टिकच्या कागदाखाली चूल पेटवली. त्या चार महिन्यांत मुद्दल भरताच आलं नाही. शेकडा एक दरानं महिन्याला ५०० रुपये नुसतं व्याज, चार महिन्यांचे २,००० रुपये. काम अडकलं म्हणून व्याज अडकत नाही, ताई.

आम्ही उधळपट्टी केली नव्हती. पाडणं हे काम आहे, त्यालाही माप, दर आणि क्रम असतो, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आधी ठरवा, काय पाडायचं आणि काय नाही

काम सुरू झालं की "आता उघडलंच आहे तर तेही काढून टाकू" असं कुणीतरी म्हणतंच. पाडकामाचा खर्च इथंच वाढतो. म्हणून आधी घराचा साधा नकाशा वहीत काढा. चौकोनी खोल्या, दारं, खिडक्या, खांब. सुबक नसला तरी चालेल. मग खडू घेऊन घरातून फिरा. जे काढायचं त्याच्यावर फुली, जे ठेवायचं त्याच्यावर गोल. दार काढायचं पण चौकट ठेवायची का? फरशी पूर्ण उचलायची की मोरीजवळचीच? देवळी, कोनाडे, ओटा, रांजणाची जागा, सगळं बघा.

ही फेरी मारताना घरातली बाई पुढं असली पाहिजे. मिस्त्री मापं घ्यायला येतो तेव्हा आपण चहा करायला आत जातो आणि बाहेर सगळं ठरून जातं. त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. त्या स्वयंपाकघरात रोज उभं राहायचं आहे तुम्हालाच, आणि कर्जाच्या कागदावर सहीसुद्धा तुमचीच आहे.

घर कुणाच्या नावावर आहे तेही याच वेळी बघून घ्या. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. पतीसोबत पत्नीचं नाव त्यावर लावता येतं. नसेल तर अर्ज द्या. बांधकामासाठी परवानगी लागते का, हेही त्याच फेरीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. भिंत शेजाऱ्यासोबत सामाईक असेल तर त्यांना आधी सांगा आणि त्यांची संमती कागदावर घ्या. नंतरच्या भांडणापेक्षा आधीचा कागद स्वस्त पडतो.

वजन कुणाच्या डोक्यावर आहे?

लातूर-धाराशिव भागातल्या आपल्या घरांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण आपल्या गटातल्या कितीतरी मावशींनी ती पहाट पाहिली आहे. माणसं दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीखाली.

त्या भिंती आतून कशा असतात? बाहेरून एक थर दगड, आतून एक थर दगड आणि मध्ये चिखल नि कपच्या. दोन्ही थरांना जोडणारा आरपार लांब दगड बऱ्याच भिंतींत नसतोच. दीड-दोन फूट जाड भिंत बघून आपल्याला वाटतं की ती भक्कम आहे. खरं तर त्या दोन सुट्या भिंती असतात, एकमेकींना टेकून उभ्या राहिलेल्या. एका बाजूनं धक्का बसला किंवा आत पाणी मुरलं की थर सुटतात.

भूकंपानंतर पुनर्वसनाबरोबर जुन्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचाही कार्यक्रम झाला. भिंतीत आरपार दगड बसवा, माळवदावरची माती कमी करा, हे तेव्हा गावोगाव सांगितलं गेलं. आणि सांगणाऱ्या कोण होत्या? हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या होत्या. सरकारी योजना घरोघरी समजावून सांगायचं काम त्यांनी केलं. म्हणजे घराची भिंत समजून घेणं हे बायकांचं काम नाही, असं आपल्या भागात तरी कुणी म्हणू नये.

आता तुमच्या घरात बघा. माळवदाच्या घरात छताचे सर कुठल्या दिशेनं गेलेत आणि त्यांची टोकं कशावर टेकली आहेत? लाकडी खांब आणि त्यावर तुळई असेल तर बरंचसं वजन खांबांवर असतं. सरांची टोकं सरळ भिंतीत शिरली असतील तर ती भिंतच वजन घेते. तिला हात लावला तर छत खाली येईल. कधी कधी खांब भिंतीतच लिंपलेला असतो, वरून दिसत नाही. म्हणून एका ठिकाणचा लिंपणाचा पोपडा काढून बघा.

स्लॅबचं घर असेल तर कॉलम आणि बीम आहेत का ते बघा. कॉलम नसून स्लॅब थेट नऊ इंची विटेच्या भिंतीवर बसला असेल, तर ती भिंत वजन घेणारी आहे. कॉलमला, बीमला कधीही छिन्नी लावू नका. नळाची पाइप नेण्यासाठी बीम फोडलेलं घर मी स्वतः पाहिलं आहे. चार इंची, अर्ध्या विटेची मधली भिंत बहुतेक वेळा फक्त आडोशाची असते. पण "बहुतेक वेळा" यावर घर पाडायचं नसतं. पाडायची भिंत वजनाची आहे असा जरा जरी संशय आला, तर तालुक्याच्या इंजिनिअरला एकदा घर दाखवा. त्याची फी खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीला लिहा.

टेप लावा, ब्रास काढा

वाळू, मुरूम आपण ब्रासवर घेतो. पाडलेला मालही ब्रासवरच मोजायचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही फुटांत मोजा, गुणाकार करा आणि १०० ने भागा. झालं.

आमच्याच घराचं माप देते.

माळवद: खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद. दरवर्षी पावसाआधी वर माती टाकत गेल्यानं थर दीड फूट झालेला. १२ × १० × १.५ = १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास.

भिंत: १० फूट लांब, ९ फूट उंच, दीड फूट जाड. १३५ घनफूट. त्यातून दाराची मोकळी जागा वजा. दार ६ फूट उंच, ३ फूट रुंद, म्हणजे २७ घनफूट. राहिले १०८ घनफूट.

फरशी: १२० चौरस फूट. शहाबादी आणि खालचा भराव मिळून चार इंच धरले तर ४० घनफूट.

एकूण ३२८ घनफूट, म्हणजे सव्वातीन ब्रासच्या थोडं वर.

पण थांबा. घट्ट बसलेली भिंत सुटली की फुगते. खड्ड्यातून काढलेली माती त्याच खड्ड्यात परत मावत नाही, तसंच. म्हणून साधारण सव्वा ते दीडपट धरा. आमचं सव्वातीन ब्रास ढिगाऱ्यात सव्वाचार ब्रास झालं. आपल्याकडची ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रास भरते. म्हणजे पाच खेपा. आम्ही दोन धरल्या होत्या.

आणि वजन? कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो धरा. त्या एका खोलीच्या माळवदावर १८० घनफूट माती, म्हणजे जवळपास ८० क्विंटल. ऐंशी क्विंटल माती डोक्यावर घेऊन आम्ही वर्षानुवर्षं झोपत होतो. तो हिशोब केला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

खर्चाची यादी

खाली त्याच खोलीच्या कामाची यादी देते, नीट ठरवून केलं असतं तर कशी झाली असती ती. यातले दर नमुन्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे दर विचारून लिहा, ओळी मात्र याच ठेवा.

१. टेकूसाठी बल्ल्या किंवा जॅक भाड्यानं: १,५००
२. वायरमन, वीज तोडून सुरक्षित करायला: ७००
३. जाणता गवंडी, दोन दिवस, ९०० प्रमाणे: १,८००
४. मजूर, दहा हजेऱ्या, ५०० प्रमाणे: ५,०००
५. ट्रॅक्टरच्या पाच खेपा, ७०० प्रमाणे: ३,५००
६. ताडपत्री, मास्क, हातमोजे, हेल्मेट: १,८००
७. तात्पुरती चूल आणि आडोसा: १,५००
८. घरच्यांचा बुडालेला रोजगार, सहा दिवस, ३०० प्रमाणे: १,८००

बेरीज १७,६००. त्यावर वीस टक्के अडीनडीला, म्हणजे ३,५२०. एकूण २१,१२०.

बघा, आकडा आमच्या झालेल्या खर्चाएवढाच आला. टेकू, वायरमन आणि गवंडी यांचे पैसे आम्ही वाचवले आणि ते पडलेल्या भिंतीत घातले. हिशोब आधी केला असता तर एकवीस हजार मे महिन्याच्या आधीच वहीत दिसले असते. मग आम्ही एकच खोली घेतली असती आणि भिंत पुढच्या वर्षावर टाकली असती.

यादीतल्या दोन ओळींबद्दल थोडं सांगते.

चौथ्या ओळीत बाई-पुरुष असा वेगळा दर नाही. गावात पुरुषाला ५०० आणि बाईला ३०० देतात हे मला माहीत आहे. पण ढिगारा तर बहुतेक बाईच्याच डोक्यावरून बाहेर जातो. आपण मालकीण असताना तरी सारख्या कामाला सारखी हजेरी देऊ या.

आठवी ओळ बहुतेकजणी लिहीतच नाहीत. "आम्ही घरचेच राबतो, त्याला कसले पैसे?" पण ते सहा दिवस तुम्ही खुरपायला गेला असता तर मजुरी मिळालीच असती. ती बुडाली, म्हणजे खर्चच झाला. आपल्या श्रमाला वहीत जागा दिली की घरातल्यांनाही त्याची किंमत दिसते.

वीस टक्के अडीनडीला का? कारण भिंतीच्या आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. वाळवीनं पोखरलेली तुळई निघते. मोरीखाली वर्षानुवर्षं पाणी मुरून पाया भुसभुशीत झालेला असतो. हे पैसे उरले तर पुढच्या कामाला येतील.

निघालेला माल म्हणजे आपला पैसा

जुन्या घरातून सागवानी खांब, तुळया, सर, चौकटी, दारं, लोखंडी गज, शहाबादी फरश्या, घडीव दगड निघतात. पाडायच्या आधी याची मोजून यादी करा आणि मोबाइलवर फोटो काढा. "लाकूड आम्ही नेतो, पाडायचे पैसे देऊ नका" असं सांगणारे येतात. ऐकायला फुकट वाटतं. त्याआधी लाकडाची किंमत दोन ठिकाणी विचारा. कधी लाकूड पाडकामाच्या दुप्पट किमतीचं असतं.

फरशी पहारीनं फोडू नका. एका कडेनं, खालून टोक घालून उचलली तर बरीचशी सलग निघते आणि अंगणात, गोठ्यात कामाला येते. घडीव दगड जोत्याला वापरता येतात. माळवदाची पांढरी माती शेतात टाकता येते, म्हणजे ती लांब फेकून द्यायचा खर्च वाचतो. फक्त काच, खिळे, प्लॅस्टिक आधी वेचून काढा. उरलेला ढिगारा ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नका. ओढा तुंबला की पावसात पाणी आपल्याच वस्तीत शिरतं. कुठं टाकायचा ते ग्रामपंचायतीला विचारा.

आणि एक नियम पाळा. माल विकून येणारे पैसे हातात पडेपर्यंत जमेला धरू नका.

उक्तं द्यायचं की रोजानं?

माप नक्की असेल, कुठून कुठपर्यंत पाडायचं हे ठरलं असेल, तर उक्तं काम बरं पडतं. पण उक्त्या कामात माणूस घाई करतो, आणि पाडकामात घाई म्हणजे अपघात. माळवद आणि दगडी भिंत असेल तर जाणत्या गवंड्याच्या देखरेखीखाली रोजानं काम केलेलं चांगलं.

उक्तं दिलंच तर साध्या कागदावर एवढं लिहून घ्या: काय पाडायचं, किती दिवसांत, ढिगारा कोण नेणार, लाकूड-लोखंड कुणाचं, शेजारची भिंत किंवा राहिलेलं घर खराब झालं तर भरपाई कोण देणार, कुणाला लागलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा. इसार थोडा द्या, मधे एक हप्ता द्या आणि शेवटचा हप्ता जागा साफ झाल्यावरच.

आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः अशा कामांवर बिगारी म्हणून जातात. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंदणी होते. नोंदणी झाली नसेल तर पुढच्या बैठकीत मला सांगा, फॉर्म सोबत बसून भरू.

पाडायच्या दिवशी

वीज: मेन स्विच बंद करणं पुरेसं नाही. पाडायच्या भिंतीतली वायर वायरमनकडून सोडवून घ्या. गॅसचा सिलिंडर घराबाहेर न्या.

धान्य: कणग्या, डबे, पीठ दुसरीकडे हलवा. धूळ आठवडाभर खाली बसत राहते.

माणसं: लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचं किंवा टीबीचं माणूस यांना ते दिवस पाहुण्यांकडे ठेवा.

क्रम: नेहमी वरून खाली. आधी टेकू, मग छताची माती, मग सर, मग दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि शेवटी भिंत, तीही वरचा थर आधी. भिंतीच्या बुडाशी खणून तिला ढकलून पाडायचं नाही. भिंत कुठल्या बाजूला पडेल हे तिला विचारून कळत नाही.

माती: छताची माती सगळीकडून सारखी उतरवा. सगळी एका कोपऱ्यात ओढली तर तिथलं सर मोडतं.

ढीग: ढिगारा उभ्या भिंतीला टेकवू नका, स्लॅबवर साठवू नका. आमची भिंत यानंच पडली. त्या दिवशीचा ढिगारा त्याच दिवशी बाहेर.

धूळ: पाडायच्या आधी हलकं पाणी शिंपडा. तोंडाला मास्क लावा, नाहीतर पदर तरी घट्ट बांधा. दगडी भिंतीत पाणी ओतू मात्र नका, चिखल सुटतो.

सिमेंटचे पत्रे: जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि वर्षांनी कॅन्सरपर्यंत नेऊ शकते. ते पत्रे हातोड्यानं फोडू नका, करवतीनं कापू नका. ओले करून, नटबोल्ट सोडून अख्खे उतरवा. तुकडे चुलीच्या आडोशाला वापरू नका.

साप-विंचू: जुन्या भिंतीच्या सांदीत उघडा हात घालू नका. दगड काठीनं किंवा पहारीनं हलवा. चावलंच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

कधी काढायचं?

सोयाबीनच्या काढणीत मजूर मिळत नाही, तुरीच्या राशीतही नाही. हरभरा घरात आला की मार्च-एप्रिल मोकळा सापडतो. मृगाच्या आत छत झाकलं गेलंच पाहिजे. मेच्या शेवटी छत उघडणाऱ्यांनी आमच्या आईला एकदा भेटून जावं.

म्हणून सगळ्यात मोठा नियम हा: नवीन पत्रा, अँगल किंवा पुढच्या कामाचे पैसे हातात असल्याशिवाय जुनं छत काढायचं नाही. पैसे अर्धेच असतील तर अर्धंच घर काढा. एक खोली पाडा, बंद करा, मग दुसरी.

गटानं काय विचारावं?

घरदुरुस्तीचा कर्जअर्ज आला की गटानं ताईला अडवायचं नाही, पण चार प्रश्न विचारायचे. पाडकामाचं माप काढलं का? वजनाची भिंत कुठली ते कुणी बघितलं? ढिगारा कुठं जाणार? आणि छत उघडल्यावर ते झाकायचे पैसे आहेत का?

कर्जसुद्धा दोन टप्प्यांत देता येईल. पहिला पाडकामाला, दुसरा जागा साफ झाल्यावर, दोन सदस्यांनी जाऊन बघून आल्यावर. यात संशय घेणं नाही. आईच्या गटातल्या दोघी जरी त्या वेळी घरी येऊन गेल्या असत्या, तरी भिंतीला लागलेला तो ढीग कुणाच्या तरी नजरेत आला असता.

ज्या पाच जणींनी या महिन्यात अर्ज दिले आहेत, त्यांच्या घरी मी टेप घेऊन येणार आहे. तुम्ही वही आणि खडू तयार ठेवा. माप तुम्ही घ्यायचं, मी फक्त टेपचं दुसरं टोक धरीन.

आमच्या घरावर आता पत्रा आहे, स्वयंपाकघर मोठं झालंय. आजी अजून अंगणातच झोपते. म्हणते, "सवय लागली." पण मला माहीत आहे, ती रात्र ती विसरलेली नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक